त्या गावात भाजी मिळत होती

त्या गावात भाजी मिळत होती. बुधवारी आणि शनिवारी, चर्चसमोरच्या फरसबंद चौकात, सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत. गाजरं, फ्लॉवर, पालक, घेवडा, बोराएवढे कोबीचे गड्डे आणि कांद्याच्या पातीच्या जातीची, पण मनगटाएवढी जाड अशी एक भाजी, जिचं सूप तिथे घरोघरी व्हायचं. जूनमध्ये चेरी यायच्या. त्या कागदाच्या पुडीत मिळत आणि घरी पोचेपर्यंत संपत.

हे आज लिहिण्याचं कारण असं, की पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी याच्या बरोबर उलट लिहिलं होतं. 'इथे भाजी म्हणून काही दिसत नाही. उकडलेला बटाटा आणि पाव, त्यावर तू दिलेलं मेतकूट.' बायकोला पाठवलेल्या तिसऱ्या पत्रातलं हे वाक्य. ते खोटं होतं. त्या पत्रांत अशी खोटी वाक्यं बरीच आहेत, आणि आता ती छापली जाणार होती.

मी पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होतो. पाण्याच्या आणि वाफेच्या नळांवर बसवायच्या मोठ्या झडपा आम्ही बनवायचो. आमच्या कारखान्याने परदेशातल्या एका लहानशा ओतशाळेशी करार केला आणि त्यांची पद्धत शिकून यायला मला दीड वर्षासाठी तिकडे धाडलं. मी तीस वर्षांचा होतो, बायको सव्वीसची, मुलगा तीनचा. गाव फ्रेंच बोलणारं, पण फ्रान्समधलं नव्हे, सरहद्दीच्या पलीकडचं. त्याचं नाव मी देत नाही. नाव दिलं की लोक फोनवर शोधतात, फोटो बघतात आणि म्हणतात, वा, काय सुंदर! ते सुंदर होतं, हे मला माझ्या तोंडाने सांगायचं आहे.

हल्ली मी सिंगापूरला मुलाकडे असतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर मुलाने पुण्याचा फ्लॅट बंद करून मला इथे पुंगोलला आणलं. मुलगा, सून आणि चौदा वर्षांची नात पावणेआठपर्यंत घराबाहेर पडतात. मी कप विसळतो, कपडे दांडीवर घालतो, चौदाव्या मजल्यावरून खाली उतरतो. घराखालून एलआरटीची छोटी गाडी ड्रायव्हरशिवाय गोल फिरत असते. पहिल्या वर्षी दोनदा मी तिच्यात बसलो आणि पूर्ण फेरी मारून आपल्याच स्टेशनवर उतरलो. कुठे जायचं नव्हतं. खाली बाकांवर चिनी म्हातारे बसलेले असतात. आम्ही एकमेकांना मान हलवतो. सहा वर्षांत ओळख मानेपुढे गेलेली नाही.

हॉलमध्ये बायकोचा फोटो आहे. गेलेल्या माणसाचा शेवटच्या काळातला एखादा फोटो लावायची पद्धत आहे. आमच्याकडचा सव्विसाव्या वर्षीचा आहे. काळा-पांढरा, केस घट्ट बांधलेले, नजर थेट समोर. मुलाला तो तिच्या कपाटात सापडला. त्याने तो मोठा करून घेतला. "आई किती धीट दिसते यात," तो म्हणाला होता. तो फोटो कशासाठी काढला होता हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

आमच्या घरात 'मेतकुटावर काढलेलं दीड वर्ष' ही एक कथाच होऊन बसली होती. मुलाने लहानपणी पानात भाजी टाकली की त्याची आई म्हणे, "बाबांना विचार, भाजी न मिळणं म्हणजे काय असतं." पाहुण्यांसमोर ती माझ्या थंडीचं, धुक्याचं, एकटेपणाचं असं वर्णन करायची की मलाच हुडहुडी भरावी. मी नको नको म्हणायचो. त्याला सगळे विनय समजायचे. सुनेनेही तो वारसा घेतला. मला जरा कणकण आली की ती मऊ भात, तूप आणि मेतकूट समोर ठेवते. मेतकूट मला कधीच फारसं आवडलं नाही.

यंदा माझी पंचाहत्तरी. सुनेने दोन महिने आधीच तयारी काढली. "पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण करायचं."

"चौदाव्या मजल्यावर पंचाहत्तर निरांजनं?" मुलगा म्हणाला. "अलार्म वाजेल. फायर ब्रिगेडच येईल औक्षणाला."

"मग बॅटरीचे आणते."

"बॅटरीवाले सो फेक, ला," नात म्हणाली.

औक्षणाखेरीज सुनेने आणखी एक बेत केला होता. सासूने जपून ठेवलेली माझी सगळी पत्रं तिने स्कॅन केली होती आणि त्यांची एक पुस्तिका काढून येणाऱ्यांना द्यायची होती. मुखपृष्ठावर नदीचं चित्र, वर शीर्षक: 'मेतकुटावरचं दीड वर्ष'. "तुम्ही फक्त बघायचं, बाबा. चुका असल्या तर सांगायच्या," ती म्हणाली.

त्याच सुमारास मुलाच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी कॅनडात जायला सांगितलं. तेही लहान गाव, तेही नदीकाठी, आणि तिथेही फ्रेंचच बोलतात. कुटुंबाला नेता येत होतं. मुलाचं म्हणणं, तो एकटा जाईल. एका रविवारी जेवताना हा विषय पुन्हा निघाला.

"तिथे आहे काय?" तो म्हणाला. "सहा महिने बर्फ. दुपारी चारला अंधार. गावात दुकान एक. भाजी म्हणजे फ्रोझन मटार. तुम्ही दोघी येऊन करणार काय?"

"तू करशील तेच. राहू," सून म्हणाली.

"मी कामात असेन. तुम्ही चार भिंती बघत बसाल."

"भिंती इथेही बघतेच आहे. त्या जरा निराळ्या असतील."

"आणि हिची शाळा?"

"मला चालेल," नात म्हणाली. "स्नो आहे. अँड नो ट्यूशन, राइट?"

"तू गप गं."

"अरे, तिला गप कशाला करतोस? तिला विचार ना. मलाही विचार. तू विचारत नाहीयेस, तू सांगतोयस."

मुलगा माझ्याकडे वळला. "बाबांनी काढलं की नाही दीड वर्ष? आईने कधी हट्ट केला? सांगा ना हिला, बाबा."

सून माझ्या पानात भात वाढत होती. तिचा हात थांबला. "बाबांची गोष्ट वेगळी होती. तेव्हा सोयच नव्हती. आईंना नेता आलं असतं तर बाबांनी नेलंच असतं. हो ना, बाबा?"

दोघं माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आमटी छान झाली आहे."

जेवून मी खाली गेलो. मुलाचं बोलणं कानात होतं. फ्रोझन मटार, चारचा अंधार, चार भिंती. किती नीट जमलं होतं ते. ज्याला एकटं जायचं जिवावर आलेलं असतं, त्याला इतकं चांगलं वर्णन सुचत नाही. तो अडखळतो. मला ती भाषा चांगली ओळखीची होती. ती मीच पंचेचाळीस वर्षांपूर्वी, एका खिडकीत बसून, आंतरराष्ट्रीय पत्राच्या निळ्या कागदावर तयार केली होती.

आणखी एक गोष्ट होती, ती लपवण्यात अर्थ नाही. मुलगा एकटा गेला असता तर सून आणि नात इथेच राहिल्या असत्या आणि त्यांच्यासोबत मीही. सगळेच गेले तर माझ्या इथे राहायच्या परवान्याला आधार उरत नव्हता, आणि कॅनडाची थंडी माझ्या छातीला झेपणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणजे मला पुण्याच्या बंद फ्लॅटमध्ये एकट्याने परत जावं लागणार. मी नुसती आमटीची तारीफ करत राहिलो असतो, तर माझं इथलं घर टिकलं असतं.

पुंगोलमध्ये जिला लोक नदी म्हणतात तो खणून काढलेला पाण्याचा पट्टा आहे. दोन्ही टोकांना बंधारे. ती कुठून येत नाही आणि कुठे जात नाही. काठाने झाडं लावली आहेत, सायकलींची वाट आहे, लहान मुलांच्या गाड्या ढकलणारे तरुण आईबाप आहेत. तिथल्या बाकावर बसून मी त्या दुसऱ्या नदीचा खरा भूगोल मनात मांडला. तोच इथे देतो.

नदी दक्षिणेकडून येते आणि उत्तरेला जाते. गाव तिच्या उजव्या काठावर, पाणी आणि चुनखडीचा उभा कडा यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत बसलेलं. रस्ता म्हणावा असा एकच, नदीला समांतर. बाकी सगळ्या पाण्याकडे उतरणाऱ्या बोळी. कड्यावर जुना किल्ला. त्याच्या पायऱ्या मी अनेकदा मोजायला घेतल्या आणि दर वेळी धाप लागून मोजणी चुकली. कडा गावाच्या पूर्वेला असल्यामुळे हिवाळ्यात ऊन उशिरा, दहा-अकराला खाली उतरायचं. पण उतरलं की दुपारभर रस्ता, पूल, छपरांचे निळसर दगड, सगळं उजळून निघायचं. मी बायकोला लिहिलं होतं, 'इथे सकाळी सूर्यच दिसत नाही.' हे वाक्य खरं आहे. दुपारबद्दल मी काही लिहिलं नाही. खोटं बोलायला नेहमी खोटं लिहावं लागतंच असं नाही.

चर्चच्या भिंतीवर जुन्या पुरांच्या खुणा होत्या. दगडात कोरलेली आडवी रेघ आणि शेजारी साल. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर होती. 'नदीचं पाणी घरात शिरतं, मुलं आजारी पडतात,' असं मी लिहिलं. मी होतो तेव्हा पाणी एकदाच धक्क्याच्या वरच्या पायरीपर्यंत आलं. सगळं गाव छत्र्या घेऊन बघायला जमलं होतं आणि बेकरीवाल्याने धंदा करून घेतला होता.

गावाचा जुना धंदा तांब्या-पितळेची भांडी ठोकण्याचा. एक वर्कशॉप माझ्या वेळेपर्यंत टिकून होतं. पहिल्याच आठवड्यात त्याच्यावरून जाताना तो ठोका ऐकला आणि मी पुण्याच्या तांबट आळीत उभा असल्यासारखा थबकलो. फार पूर्वी या तांबटांनी एका बलाढ्य सरदाराची टवाळी केली होती. त्याने येऊन गाव जाळलं, माणसं मारली. उरलेले कारागीर आपापल्या हातोड्या घेऊन दूरदूरच्या गावांत पांगले. दोन पिढ्यांनी त्यांचे काही वंशज परत आले आणि त्याच चिंचोळ्या पट्टीत पुन्हा घरं बांधली. पूल लढायांमध्ये पडला, पुन्हा बांधला, पुन्हा पडला. पहिल्या महायुद्धात शिपायांनी गावकऱ्यांना एका बागेच्या भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या. त्यांची नावं एका शिळेवर आहेत.

त्यातल्या एका नावावर मला माझ्या घरमालकिणीने बोट ठेवून दाखवलं. तिचे वडील. ती तेव्हा आईच्या पोटात होती. पासष्टीची, विधवा, कंबरेत वाकलेली. मी तिला मादाम म्हणायचो. तिचा नवरा नदीवरच्या पाण्याच्या दारांवर कामाला होता. मालाच्या लांबलचक बोटी यायच्या, दोन दारांच्या मध्ये थांबायच्या, पाणी भरलं किंवा सोडलं जायचं आणि मग पुढचं दार उघडायचं. त्या बोटींवर अख्खी कुटुंबं राहत. दोरीवर कपडे, टपावर सायकल, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. झडपांचा माणूस असल्यामुळे मी तिथे रविवारचे रविवार उभा असायचो.

मादामने मला वरच्या मजल्यावरची खोली दिली होती. नदीवर उघडणारी खिडकी, मोठा पलंग, लोखंडी शेगडी, आणि आतून कडी लागणारं दार. पुण्यात आम्ही दोन खोल्यांत सात माणसं राहत होतो. मी आणि बायको कपाटाच्या आडोशाला झोपायचो. जन्मात पहिल्यांदा मला स्वतःचं दार मिळालं होतं. संध्याकाळी कामावरून यायचं, दार लावायचं, शेगडी पेटवायची आणि कोणी हाक मारत नाही याची मजा घेत खिडकीत बसायचं. त्या खोलीत मी फार सुखात होतो. बाई नव्हती, दारू नव्हती. असती तर सांगणं सोपं गेलं असतं. लोकांना ते लगेच कळतं. मला फक्त एकटं राहायचं होतं.

माझी पहिली दोन पत्रं खरी आहेत. त्यांत चेरी आहेत, ऊन आहे, बोटींवरच्या फुलांच्या कुंड्या आहेत. ती वाचूनच बायकोला यावंसं वाटलं. पुण्याच्या ऑफिसातून तिला कळलं की करारात कुटुंबाला बोलावण्याची तरतूद आहे. तिने लिहिलं, 'अहो, मी पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला. सासूबाईंची परवानगी काढली आहे. तुम्ही तिकडच्या ऑफिसात तेवढं सांगा. मी भाजीबाजार करीन, तुम्ही मला भाषा शिकवा.'

तिकडच्या ऑफिसात सांगायची गरजच नव्हती. त्यांचा फॉर्म माझ्या टेबलावर आलेला होता. कुटुंब येणार का? दोन चौकोन. मी 'नाही' वर खूण केली आणि त्या रात्री तिसरं पत्र लिहिलं.

मादाम विचारायची, "तुमची बायको कधी येणार?" तिने पलंगावर दुसरी उशी आणून ठेवली होती, मुलासाठी कुठूनतरी लाकडी खाट मिळवली होती. मी तिला सांगितलं, माझ्या बायकोला थंडीची भीती वाटते, ती यायला तयार नाही. मादामने मान हलवली. काही दिवसांनी तिने ती खाट परत नेली. माझ्या बायकोबद्दल तिचं मत काय झालं असेल ते मी कधी तिला विचारलं नाही. मेतकुटाच्या पुड्या मी तिला देऊन टाकल्या. ती ते बटाट्याच्या सुपात घालायची आणि म्हणायची, तुमच्या बायकोचा हात चांगला आहे.

दीड वर्षाने मी परतलो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू गेल्यापासून ही पोर सतरंजीवर झोपते आहे. हिवाळ्यातसुद्धा. म्हणते, ते तिकडे गारठ्यात लोखंडी खाटेवर, मी गादीवर कशी झोपू?" त्याच्यामुळे तिची पाठ धरली. पुढे आयुष्यभर ती ओणवं होताना एक हात भिंतीला लावायची.

मी तेव्हाही काही बोललो नाही. नंतर बोलण्यासारखे पुष्कळ दिवस आले आणि गेले. तिला कथा आवडत होती, मला मान मिळत होता. चाळीस वर्षं म्हटलं तर एकाच घरात काढली, आणि तिला त्या नदीवरचं दुपारचं ऊन मी सांगू शकलो नाही.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी सून घरून काम करत होती. अकराच्या सुमारास तिने चहा केला आणि लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. "बाबा, एक विचारायचं होतं. पहिल्या पत्रात तुम्ही चेरींबद्दल इतकं छान लिहिलंय. आणि तिसऱ्यापासून एकदम भाजीसुद्धा नाही. सीझन गेला असेल, नाही?"

तिने उत्तर आयतं हातात दिलं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नाही. सीझन गेला नव्हता."

मग मी तिला सगळं सांगितलं. फॉर्म, चौकोन, उशी, खाट, सतरंजी. तिला एक मीटिंग होती. ती फोनवर काहीतरी टाइप करून तिने पुढे ढकलली. मी थांबल्यावर तिने लॅपटॉप मिटला. "हा फोटो?" तिने भिंतीकडे बघून विचारलं.

"तोच."

ती उठली, फोटोपाशी गेली आणि पदर नसताना पदर घ्यावा तशी ओढणी सारखी केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या मुलाला तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार."

संध्याकाळी तो आला. बूट काढले, हात धुतले. मी सांगत असताना तो उभाच होता. संपल्यावर म्हणाला, "आई खाली झोपायची ते मला आठवतं. मी पण तिच्याजवळ झोपायचो. मला वाटायचं, ती मजा आहे."

तो खुर्ची ओढून बसला.

"तिला कळलं होतं का कधी?"

"माहीत नाही."

"मग आता कशाला सांगितलंत? पंचेचाळीस वर्षं नाही सांगितलं, आता काय नडलं होतं?"

"काल तू मटार म्हणालास म्हणून."

त्याचा चेहरा बदलला. "मी तसा नाहीये, बाबा."

"मी कुठे म्हटलं?"

"तेच म्हणताय तुम्ही. मी पोरीची शाळा बघतोय, हिची नोकरी बघतोय, तुमचं बघतोय. मी गेलो तर तुम्हा तिघांचं नीट राहावं म्हणून..."

"माझं बघू नकोस," मी म्हणालो. "आणि खोलीचं दार आतून लावून एकटं बसायला बरं वाटतं, हे मला माहीत आहे. ते वाटणं पाप नाही. ते तिला सांगितलं असतं तर कदाचित ती हसली असती आणि म्हणाली असती, सहा महिने राहा एकटे, मग मी येते. मी तिला विचारलंच नाही. तू विचार."

तो आत गेला. पुढचे अकरा दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. 'बाबा, औषध.' 'बाबा, प्लंबर येईल.' मी सकाळी नेहमीसारखे कप विसळत होतो. एकदा पुन्हा एलआरटीत बसलो आणि फेरी मारून आलो. नातीला काहीतरी बिनसलं आहे एवढं कळत होतं. ती माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "आजोबा, यू ओके?" मी म्हटलं, ओके. ती आत येऊन पलंगावर बसली आणि आपल्या फोनमध्ये बघत राहिली. तेवढं पुष्कळ होतं.

बाराव्या दिवशी शनिवार होता. तिघं नाश्त्याला बसले असताना मुलाने बायकोला विचारलं. मी स्वयंपाकघरात होतो. मला ऐकू येत होतं.

"मला पहिले तीन-चार महिने एकट्याने जावंसं वाटतंय," तो म्हणाला. "कामाचं कारण नाही. नुसतंच. वीस वर्षांत एकटा राहिलो नाहीये. मग तुम्ही या. चालेल?"

"हे आधी म्हणाला असतास तर मी इतके दिवस घसा कशाला कोरडा केला असता?" सून म्हणाली. "जा की. पण तीनच. चौथ्याला आम्ही दारात उभ्या."

"विथ लगेज," नात म्हणाली.

मग तो स्वयंपाकघरात आला आणि पाण्याचा ग्लास भरू लागला. माझ्याकडे पाठ करून त्याने विचारलं, "बाजार कोणत्या वारी असायचा तिथे?"

"बुधवारी आणि शनिवारी. चर्चसमोर."

"चर्च पुलाच्या कुठल्या बाजूला?"

मी त्याला ओल्या बोटाने ओट्यावर नकाशा काढून दाखवला. नदी, कडा, एकच रस्ता, बोळी, पूल. मादामचं घर कुठे, खिडकी कोणत्या दिशेला, दुपारचं ऊन कुठून कुठे सरकायचं. तो बघत होता. ओटा वाळल्यावर नकाशा गेला.

पंचाहत्तरी झाली. दिवे बॅटरीचेच होते. ओळखीची पंधरा-वीस मराठी माणसं हौगांगहून, पासिर रिसहून आली होती. कोणीतरी मेतकुटाची गोष्ट सांगा म्हणालं. मी म्हणालो, ती लिहून काढतो आहे. पुस्तिका सुनेने छापली नाही. पत्रांचं काय करायचं ते तिने माझ्यावर सोडलं आहे. माझं म्हणणं, पत्रं छापायची असतील तर त्यांच्याआधी हे छापावं.

मुलगा जाऊन तीन महिने झाले. तो फोनवर त्याच्या नदीचा बर्फ दाखवतो. भाजी मिळते, असं त्याने न विचारता सांगितलं. पुढच्या आठवड्यात या दोघी निघतील आणि त्याच दिवशी दुपारच्या विमानाने मी पुण्याला. शेजाऱ्यांनी फ्लॅट उघडून झाडून ठेवला आहे. पाणी येतं, गॅस आहे, असं कळवलं आहे. मागितलं होतं ते दार आता मला पूर्ण वेळ मिळणार आहे. तक्रार कोणाकडे करणार?

काल सून फोटो काढायला स्टुलावर चढली. "बाबा, आई तुमच्याकडेच हव्यात. मी नीट गुंडाळून तुमच्या बॅगेत घालते."

मी म्हटलं, "नको. तुमच्यासोबत न्या."

"अहो, पण तुम्ही एकटे..."

"तिने तो फोटो जायला म्हणून काढला होता."

ती फोटो घेऊन स्टुलावरून उतरली. मग तो आपल्या जाड स्वेटरांमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेत मधोमध ठेवला.

इथला फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे, म्हणून भिंती सारख्या करून द्याव्या लागतात. ते काम माझ्याकडे आलं. आज सकाळी दोघी बाहेर पडल्यावर मी पक्कडीने खिळा काढला, भोकात पांढरी लांबी भरली, पत्र्याने सपाट केली आणि ती वाळायची वाट बघत समोर बसलो.